आजार नसलेला रोगवाहक

१. एक रास्त शंका

साथीच्या रोगांविषयी बोलणे निघाले की सामान्य माणूस एक शंका हमखास विचारतो : ज्याला ताप नाही, जुलाब नाहीत, खोकला नाही, जो चारचौघांसारखा जेवतोखातो आणि कामधंदा करतो, त्याच्यामुळे दुसऱ्याला रोग होतोच कसा? ही शंका रास्त आहे, कारण रोग म्हणजे त्रास आणि त्रास नाही म्हणजे रोग नाही असाच आपला रोजचा अनुभव असतो. वैद्यकशास्त्रालाही या शंकेचे उत्तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत नीट सापडलेले नव्हते, आणि ते सापडेपर्यंत साथी रोखण्यासाठी योजलेले कितीतरी कडक उपाय चुकीच्या जागी खर्ची पडत होते. दर बारा वर्षांनी लाखो यात्रेकरूंना आपल्या घाटांवर सामावून घेणाऱ्या नाशिकसारख्या शहराला तर हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही.

२. बाधा आणि आजार

या शंकेचे उत्तर समजण्यासाठी दोन गोष्टी वेगळ्या करून पाहाव्या लागतात. रोगजंतू शरीरात शिरणे, तिथे टिकणे आणि वाढणे याला बाधा किंवा संसर्ग म्हणतात. त्या वाढीमुळे शरीराच्या कामात बिघाड होऊन त्रास जाणवू लागला की त्याला आजार म्हणतात. आजाराच्या मागे बाधा असते, परंतु प्रत्येक बाधेतून आजार होतोच असे नाही. नासलेल्या दुधाचा अंश कडेला राहिलेले पातेले वरवर स्वच्छ दिसते आणि पातेल्याला स्वतःला काहीही होत नाही, पण त्यात ओतलेले ताजे दूध मात्र नासते. निरोगी वाहकाची गत तशीच असते. त्याच्या शरीराने जंतूंशी जुळवून घेतलेले असते, पण ते जंतू ज्याच्या शरीरात जातील त्यालाही ते तसेच सोसतील याची खात्री नसते.

वाहकांचे साधारणपणे चार प्रकार मानले जातात. जंतू शरीरात शिरल्यापासून पहिले लक्षण दिसेपर्यंतच्या काळाला अधिशयन काळ म्हणतात. या काळाच्या अखेरीस काही रोगांत माणूस आजारी पडण्याआधीच जंतू पसरवू लागतो, तो पहिला प्रकार. आजारातून उठल्यावरही काही दिवस ज्याच्या शरीरातून जंतू बाहेर पडत राहतात तो दुसरा. ज्याला आजार झालाच नाही, तरी काही काळ ज्याच्या शरीरात जंतू नांदतात तो तिसरा. आणि ज्याच्या शरीरात ते महिनोन्महिने, कधी जन्मभर, ठाण मांडून बसतात तो चौथा, म्हणजे दीर्घकालीन वाहक.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. शरीरात जंतू असलेला प्रत्येक माणूस ते पसरवतोच असे नाही. क्षयाचे जंतू असंख्य लोकांच्या शरीरात सुप्तावस्थेत असतात, परंतु ते सुप्त आहेत तोवर अशा माणसाकडून दुसऱ्याला क्षय होत नाही. वाहक ठरण्यासाठी जंतू शरीराबाहेर पडण्याची वाट उघडी असावी लागते, मग ती विष्ठेतून असो, थुंकीतून असो की श्वासातून. पुढील सर्व विवेचन या वाटेभोवतीच फिरणार आहे.

३. पर्वणी, पाणी आणि पटकी

गुरू सिंह राशीत आला की नाशिक आणि त्र्यंबकेश्वर येथे सिंहस्थ कुंभमेळा भरतो. वैष्णव आखाडे नाशिकच्या रामकुंडात आणि शैव आखाडे त्र्यंबकच्या कुशावर्तात स्नान करतात. मुख्य पर्वण्या श्रावण-भाद्रपदात येतात. २०१५ साली नाशिकच्या तीन शाही स्नानांच्या तारखा २९ ऑगस्ट, १३ सप्टेंबर आणि १८ सप्टेंबर होत्या. म्हणजेच हा मेळा ऐन पावसाळ्यात, गोदावरीला गढूळ पाणी आलेले असताना आणि जुलाबाच्या रोगांचा मोसम चालू असताना भरतो. यात्रेकरू त्या पाण्यात केवळ स्नान करीत नाहीत, तर त्याचे आचमन करतात आणि बाटलीत किंवा गडूत भरून ते घरी नेतात, त्यामुळे तीर्थक्षेत्रातील पाण्याचा प्रश्न शेकडो मैल दूरच्या गावांचाही प्रश्न होतो.

अशा मेळ्यांना एकोणिसाव्या शतकात सर्वांत मोठे भय होते ते पटकीचे, म्हणजे कॉलऱ्याचे. ज्या रोगापायी गावोगावी मरीआईला नवस बोलले जात, तो रोग सकाळी हिंडत्याफिरत्या माणसाला संध्याकाळपर्यंत संपवीत असे. १८१७ साली बंगालमधून उसळलेल्या साथीने हा रोग प्रथमच भारताबाहेर दूरवर पोहोचवला. १८६५ साली हजयात्रेत पटकीची भीषण साथ आली आणि यात्रेकरूंबरोबर ती युरोपपर्यंत गेली. पुढच्याच वर्षी कॉन्स्टँटिनोपल येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत यात्रांवरील नियंत्रण हा प्रमुख विषय होता. १८६७ साली हरिद्वारच्या कुंभमेळ्याला सुमारे ३० लाख लोक जमले आणि मेळा पांगताच परतणाऱ्या यात्रेकरूंच्या वाटेने उत्तर भारतभर पटकी पसरत गेली.

या सर्व वर्णनांत एक कोडे होते. रोगी माणूस वाटेतच पडत होता; कित्येकदा तर तो मुक्कामाच्या पुढच्या गावापर्यंतही पोहोचत नव्हता. मग रोग इतक्या लांबवर पोहोचवत कोण होते? वारा, दूषित हवा, जमिनीतून निघणारी वाफ अशी अनेक उत्तरे दिली गेली. खरे उत्तर त्याच यात्रेकरूंमध्ये होते, परंतु ते धडधाकट असल्यामुळे कोणाचे लक्ष त्यांच्याकडे गेले नाही.

४. वाहकाचा शोध

रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने १८८३-८४ मध्ये आधी इजिप्तमध्ये आणि नंतर कोलकात्यात संशोधन करून स्वल्पविरामाच्या आकाराचा जंतू हे पटकीचे कारण असल्याचे दाखवून दिले. १८९२ साली हॅम्बुर्ग शहरात पटकीने आठ हजारांहून अधिक बळी घेतले. त्या साथीच्या निमित्ताने प्रयोगशाळेत मोठ्या संख्येने तपासण्या होऊ लागल्या, आणि ज्यांना जुलाब झालेलेच नव्हते अशा काही माणसांच्या विष्ठेतही तोच जंतू असल्याचे दिसून आले. रोगाचा माग केवळ रोग्यांच्या मागोमाग जाऊन लागणार नाही, ही जाणीव येथून पक्की होऊ लागली.

या शोधाचा पुढचा महत्त्वाचा टप्पा यात्रेकरूंशीच निगडित आहे. सिनाई द्वीपकल्पावरील एल टोर येथे हजहून परतणाऱ्यांना काही दिवस विलग ठेवण्याचे केंद्र होते. १९०५ साली तेथे दगावलेल्या काही यात्रेकरूंच्या आतड्यांतून गॉत्श्लिख या शास्त्रज्ञाने पटकीच्या जंतूसारखाच जंतू वेगळा केला, मात्र त्या यात्रेकरूंना पटकीची लक्षणे नव्हती. या जंतूला त्या ठाण्याचेच नाव मिळाले. पुढे १९६१ साली इंडोनेशियात सुरू झालेली पटकीची सातवी जागतिक साथ याच एल टोर जंतूची होती आणि काही वर्षांतच ती भारतात आली. जुन्या जंतूच्या तुलनेत एल टोरची बाधा झालेल्यांपैकी फारच थोडे लोक गंभीर आजारी पडतात. बाकीचे हिंडतेफिरते राहतात. हा जंतू मारक कमी असला तरी प्रवासी अधिक आहे, आणि त्याच्या जगभर पसरण्यामागे ही गोष्ट मोठी आहे.

बाधित माणसाच्या विष्ठेतून पटकीचे जंतू साधारण एक ते दहा दिवस बाहेर पडतात. गंभीर रोग्याच्या जुलाबात त्यांची संख्या अफाट असते, तर लक्षणे नसलेल्या वाहकात ती त्या मानाने अगदी कमी असते. परंतु रोगी अंथरुणाला खिळलेला असतो आणि वाहक विहिरीवर, घाटावर, पंगतीत आणि गाडीत असतो. मोठी साथ पेटते ती बहुधा गंभीर रोग्यांच्या मलामुळे दूषित झालेल्या पाण्यातून. ती नव्या ठिकाणी जाऊन पोहोचते ती मात्र पुष्कळदा वाहकाच्या पावलांनी.

५. न्यूयॉर्कची स्वयंपाकीण

निरोगी वाहकांच्या इतिहासातील सर्वांत प्रसिद्ध नाव पटकीशी नव्हे तर विषमज्वराशी, म्हणजे टायफॉईडशी जोडलेले आहे. मेरी मॅलन ही आयर्लंडमधून अमेरिकेत गेलेली स्त्री न्यूयॉर्क परिसरातील श्रीमंत घरांत स्वयंपाक करीत असे. १९०६ च्या उन्हाळ्यात ऑयस्टर बे येथील एका घरातील अकरा माणसांपैकी सहाजणांना विषमज्वर झाला. जॉर्ज सोपर या अभियंत्याने तपास करताना पाणी, दूध, शिंपले असे सर्व संशयित एकेक करून बाजूला सारले आणि शेवटी नुकत्याच नोकरी सोडून गेलेल्या स्वयंपाकिणीचा माग काढला. तेव्हा तिने काम केलेल्या सात कुटुंबांत हाच रोग येऊन गेल्याचे त्याला आढळले.

विषमज्वराचे जंतू काही माणसांच्या पित्ताशयात, विशेषतः पित्तखड्यांच्या पृष्ठभागावर, चिकट थर करून राहतात आणि पित्ताबरोबर थोडेथोडे आतड्यात उतरत राहतात. रोग होऊन गेलेल्यांपैकी शंभरात दोन ते पाच माणसे अशी दीर्घकालीन वाहक होतात आणि त्यांत स्त्रियांचे प्रमाण अधिक असते. शिजवलेल्या गरम पदार्थात हे जंतू मरतात, म्हणून सोपर याने मेरीच्या हातच्या अशा पदार्थाकडे बोट दाखवले की जो शिजवला जात नव्हता : ताज्या पीच फळांच्या फोडी घातलेले आइस्क्रीम.

१९०७ साली मेरीला पकडून एका बेटावरील रुग्णालयात ठेवण्यात आले. आपण ठणठणीत असताना आपल्याला रोगी का म्हणतात हे तिला अखेरपर्यंत पटले नाही. पुन्हा स्वयंपाक न करण्याच्या अटीवर १९१० मध्ये तिची सुटका झाली, परंतु तितका पगार देणारे दुसरे काम तिला मिळाले नाही आणि नाव बदलून ती पुन्हा स्वयंपाकघरात शिरली. १९१५ साली स्त्रियांच्या एका रुग्णालयात पंचवीसजणांना विषमज्वर होऊन दोघे दगावले, तेव्हा तेथील स्वयंपाकीण मेरीच निघाली. त्यानंतर १९३८ मध्ये मृत्यू येईपर्यंत ती त्या बेटावरच राहिली. त्याच काळात न्यूयॉर्कमध्ये असे शेकडो वाहक सापडले होते, तरी आयुष्यभराची कैद तिच्याच वाट्याला आली. एका माणसाला कोंडून रोगाची वाट बंद होत नाही, आणि जगण्याचे दुसरे साधन दिल्याशिवाय वाहकाकडून सहकार्याची अपेक्षा करणेही न्याय्य नाही, हे दोन्ही धडे या एका प्रकरणात आहेत.

६. नाक्यावरची तपासणी अपुरी का पडते?

यात्रेच्या वेशीवर तपासणी नाके बसवून रोगी अडवणे हा उपाय सर्वांनाच सुचतो. तो किती पुरा पडतो हे एका काल्पनिक हिशेबाने पाहता येईल. समजा, मेळ्याला येणाऱ्यांत पटकीची बाधा झालेली १०० माणसे आहेत; त्यांपैकी ८० जणांना कोणताही त्रास नाही, १५ जणांचे पोट थोडेफार बिघडले आहे आणि ५ जण गंभीर आजारी आहेत. नाक्यावरील कर्मचाऱ्यांनी गंभीर रोगी सर्वच्या सर्व ओळखले आणि पोट बिघडलेल्यांपैकी पाचांना बोलते केले, तरी अडवले गेले १० आणि आत गेले ९०. यात कर्मचाऱ्यांचा दोष काहीच नाही; जे दिसतच नाही ते डोळ्यांनी हुडकायला त्यांना सांगितले गेले आहे.

वेगवान प्रवासाने ही उणीव वाढवली. पटकीचा अधिशयन काळ काही तासांपासून पाच दिवसांपर्यंत असतो. बैलगाडीने किंवा पायी येणारा यात्रेकरू वाटेतच आजारी पडण्याचा संभव मोठा होता. कसारा घाटातून, म्हणजे थळ घाटातून, १८६५ साली लोहमार्ग सुरू झाल्यावर मुंबईहून नाशिकला येण्यास दिवसांऐवजी तास पुरू लागले, आणि बाधा झालेला माणूस पहिले लक्षण दिसण्यापूर्वीच घाटावर पोहोचू शकला.

लस टोचल्याच्या दाखल्याचीही हीच मर्यादा होती. विसाव्या शतकात कित्येक यात्रांना जाण्यापूर्वी पटकीची लस टोचून घेण्याची सक्ती असे. ती जुनी लस टोचून घेणाऱ्याचे काही महिने थोडेफार रक्षण करी, परंतु त्याच्या आतड्यातून जंतू वाहून नेले जाणे ती थांबवू शकत नव्हती. म्हणूनच आंतरराष्ट्रीय प्रवाशांकडून पटकीच्या लशीचा दाखला मागण्याची तरतूद जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेने १९७३ साली रद्द केली. दाखला पाहून जी निश्चिंती वाटत होती, तिला आधार नव्हता.

७. सर्व रोगांची वाट एकच नसते

वरील विवेचनावरून रुग्ण शोधणे निरुपयोगी असते असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. देवीच्या रोगात निरोगी वाहक नव्हते. ज्याच्याकडून रोग पसरत असे त्याच्या अंगावर फोड दिसत. त्यामुळे प्रत्येक रुग्ण शोधून त्याच्याभोवतीच्या लोकांना लस टोचण्याची रीत यशस्वी झाली आणि १९७५ मध्ये भारतात देवीचा शेवटचा रुग्ण आढळला.

पोलिओची स्थिती याच्या अगदी उलट. बाधा झालेल्या सुमारे दोनशे मुलांमागे एकालाच लुळेपणा येतो. एक लुळे मूल दिसले याचा अर्थ आसपास शेकडो बाधित मुले खेळत आहेत. त्यामुळे १९९५ पासून पल्स पोलिओ मोहिमेत घरटी प्रत्येक बालकाला थेंब पाजले गेले, आणि मुंबईत २००१ पासून सांडपाण्याचे नमुने तपासून विषाणूचा शोध घेतला जाऊ लागला. सांडपाण्याच्या नमुन्यात रोगी आणि वाहक दोघांचाही हिशेब आपोआप येतो आणि कोणाचेही नाव विचारावे लागत नाही. भारतातील रानटी पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला.

प्लेगमध्ये वाहक माणूस नव्हताच. १८९६ साली मुंबईत प्लेग उद्भवल्यावर रेल्वे स्थानकांवर प्रवाशांच्या काखा आणि जांघा तपासल्या गेल्या, पुण्यात घरोघर झडत्या झाल्या आणि त्यांतून उसळलेल्या संतापाचे पर्यवसान जून १८९७ मध्ये प्लेग अधिकारी रँड याच्यावरील प्राणघातक हल्ल्यात झाले. उंदीर आणि त्याच्या अंगावरील पिसू हे रोगाचे खरे वाहन आहे, ही कल्पना पॉल-लुई सिमाँ याने १८९८ मध्ये कराचीतील प्रयोगांवरून मांडली आणि पुढे मुंबईत लिस्टन याच्या संशोधनाने तिला बळकटी आली. रोगाची वाट कळण्यापूर्वी केलेली सक्ती माणसांना दुखावते आणि रोगाला मोकळे सोडते, हे यावरून लक्षात येते.

८. मालेगाव, २०२०

नाशिक जिल्ह्यातील यंत्रमागांचे शहर असलेल्या मालेगावात एप्रिल २०२० मध्ये करोनाची साथ वेगाने वाढली. दाटीवाटीची वस्ती, एका घरात राहणारी बरीच माणसे आणि आजार उघड होण्याच्या एक-दोन दिवस आधीच श्वासातून पसरू लागणारा विषाणू, असा तो योग होता. बंदोबस्तासाठी राज्य राखीव पोलीस दलाच्या तुकड्या इतर जिल्ह्यांतून तेथे पाठवण्यात आल्या होत्या. त्या परतल्यानंतर जालना आणि हिंगोली येथे केलेल्या तपासण्यांत अनेक जवान बाधित आढळले. जे लोक इतरांची हालचाल रोखण्यासाठी तैनात होते, त्यांच्याच बदल्यांबरोबर विषाणू जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचला.

यात जवानांचा दोष नव्हता आणि मालेगावकरांचाही नव्हता. तरीही अशा दिवसांत एखाद्या गावाच्या, वस्तीच्या किंवा समाजाच्या नावावर संशयाचा शिक्का बसतो, आणि तो शिक्का चुकवण्यासाठी माणसे तपासणी टाळू लागतात. लपलेला वाहक समाजाला सर्वांत धोक्याचा. आणि त्याला लपायला लावते ती बहुतेक वेळा समाजाने दाखवलेली तुच्छताच.

९. वाट बंद करण्याचे शास्त्र

वाहक ओळखता येत नसेल तर प्रत्येकाला संभाव्य वाहक मानून रोगाची वाट बंद करणे हाच मार्ग उरतो. पाण्याने पसरणाऱ्या रोगांत ही वाट विष्ठेपासून पाण्यापर्यंत, हातापर्यंत आणि अन्नापर्यंत जाते, आणि ती प्रत्येक टप्प्यावर तोडता येते.

पहिला टप्पा शौचालयांचा. मेळ्याच्या काळात तपोवनातील साधुग्राम, वाहनतळ आणि घाटांकडे जाणारे रस्ते येथे पुरेशी, पाणी असलेली आणि मैला नदीत न सोडणारी शौचालये असणे ही रोगप्रतिबंधाची पहिली भिंत आहे.

दुसरा टप्पा पाण्याचा. ३३ टक्के क्लोरीन असलेली ब्लीचिंग पावडर दर १,००० लिटर पाण्याला ५ ग्रॅम लागते. म्हणजे १०,००० लिटरच्या टाकीला ५० ग्रॅम. ही पावडर बादलीतल्या थोड्या पाण्यात कालवून, चुन्याचा गाळ खाली बसू देऊन, वरची निवळ टाकीत ओततात आणि किमान अर्धा तास थांबतात. मग नळाच्या पाण्याने भरलेल्या छोट्या नळीत ऑर्थोटोलिडीन या द्रावणाचे काही थेंब टाकले जातात. पाणी पिवळसर झाले तर त्यात क्लोरीन शिल्लक आहे, आणि रंग जितका गडद तितके त्याचे प्रमाण जास्त. हीच ती गावोगावी ओळखीची ओ. टी. चाचणी. नळाच्या टोकाशी दर लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला असावा लागतो, आणि वाहकांच्या दृष्टीने हा उरलेला अंशच मोलाचा आहे. कारण पाणी शुद्ध केल्यानंतर कोणा वाहकाचा हात पिंपात बुडला, तरी नव्याने आलेल्या जंतूंना तोंड देण्याची शक्ती त्या पाण्यात राहते. गढूळ पाण्यात मात्र क्लोरीन मातीवर आणि कुजक्या द्रव्यांवरच खर्ची पडतो, म्हणून भाद्रपदातील पाणी तुरटीने निवळून आणि गाळून घेतल्याशिवाय नुसत्या पावडरीवर विसंबता येत नाही.

तिसरा टप्पा अन्नाचा. अन्नछत्रातील उकळती आमटी आणि वाफेचा भात जंतूंना जगू देत नाही. धोका असतो तो हाताने कालवलेल्या कोशिंबिरीत, पाणी घालून वाढवलेल्या ताकात, आदल्या रात्रीच्या थंड भातात आणि पिण्याच्या पिंपात बुडवलेल्या तांब्यात. स्वयंपाकी आणि वाढपी यांना शौचानंतर व वाढण्यापूर्वी साबणाने हात धुण्याची सोय देणे, आणि जुलाब झालेल्याला मजुरी न कापता सुट्टी देणे, हे दोन नियम मेरी मॅलनच्या प्रकरणातून सरळ निघतात.

नाशिकचा पुढचा सिंहस्थ २०२७ च्या पावसाळ्यात येत आहे. त्या गर्दीत निरोगी वाहक असणारच, कारण लाखो माणसे एकत्र आली की त्यांच्याबरोबर त्यांचे जंतूही येतात, आणि ते कोणाकडे आहेत हे त्या माणसांनाही ठाऊक नसते. त्यांतील एकाही वाहकाचे नाव न कळता, एकाही यात्रेकरूला संशयित न ठरवता मेळा सुखरूप पार पाडणे शक्य आहे. त्यासाठी प्रत्येक टाकीतील क्लोरीन रोज तपासला गेला पाहिजे, प्रत्येक शौचालयात पाणी असले पाहिजे आणि प्रत्येक अन्नछत्रात साबण असला पाहिजे. दीडशे वर्षांच्या संशोधनाने हाती दिलेली ही साधने स्वस्त आहेत आणि प्रत्येक नगरपालिकेच्या व ग्रामपंचायतीच्या आवाक्यातली आहेत, म्हणून ती रोज, न चुकता वापरली जात आहेत की नाही हे विचारण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे.